बावन्न अंश

मावशी: आधी सांग, हा कागद तू लिहिलास, की तुला लिहून दिला?

भाची: काय फरक पडतो, मावशी? वाच आणि सही कर.

मावशी: पडतो. 'मी कोणालाही न विचारता, स्वतःच्या मर्जीने बॅच रेकॉर्डमध्ये खोटं तापमान लिहीत होते.' एवढं घोटीव वाक्य तुझं नाही. लहानपणी दोन ओळींच्या पत्रात चार शब्द खोडायचीस तू.

भाची: कंपनीच्या वकिलांनी लिहिलंय.

मावशी: वाटलंच.

भाची: पण ते खोटं आहे का? तुझे शेवटच्या बावीस वर्षांचे रेकॉर्ड आम्ही संगणकाला शिकवले. प्रत्येक बॅचला विरजण बावन्न अंशाला. एकदाही एक्कावन्न नाही, त्रेपन्न नाही. आम्ही आपले खूश, बाईंचा हात काय पक्का आहे म्हणून! अगं, एवढं सारखं कधी असतं का? मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मावशी: विरजण म्हणतेस अजून?

भाची: पडद्यावरही तोच शब्द आहे. मागच्या बॅचचे मूठभर स्फटिक नव्या द्रावणात टाकणं, याला दुसरं काय म्हणणार? सगळे तेच म्हणतात.

मावशी: छान. माझ्यासकट अकरा बायका काढल्या, आमचा शब्द तेवढा ठेवून घेतला.

भाची: मी नाही काढलं कुणाला.

मावशी: यादी कुणी केली?

भाची: सलग चालणारी लाइन आली, मावशी. एका बाजूने कच्चा माल, दुसऱ्या बाजूने पावडर, मध्ये माणसाचा हात नाही. सगळ्या जगात तेच चाललंय. बॅचची मोठी भांडी आता कुणी ठेवत नाही. आपण नसतं केलं तर दुसऱ्या कारखान्याने केलं असतं. मग अकरा नाही, चारशे घरी बसले असते.

मावशी: यादी कुणी केली, एवढंच विचारलं मी.

भाची: मी केली.

मावशी: हं. चहा गार होतोय तुझा.

भाची: लाइन सुरू होऊन सहा आठवडे झाले, पहिल्या दिवसापासून चुकीच्या जातीचे स्फटिक पडताहेत. बारीक, सुयांसारखे. त्यांची गोळी वेळेत विरघळत नाही. फिट्सची गोळी आहे, तुला माहितीय. सगळा माल अडकवून ठेवलाय. ज्यांच्या नावाने आपण औषध बनवतो ती कंपनी सोमवारपर्यंत थांबणार आहे. जुना साठा संपत आलाय. दुकानदार लोकांना उद्या या, परवा या सांगताहेत.

मावशी: मग तुमच्या त्या शहाण्या संगणकाला विचार ना.

भाची: तो म्हणतो बावन्न.

मावशी: म्हणणारच. माझंच पाठ केलंय त्याने.

भाची: खरं किती होतं?

मावशी: कधी चोपन्न, कधी पंचावन्न. सॉल्व्हंट धुऊन पुन्हा वापरलेलं असलं तर सत्तावन्नसुद्धा. अंशावर नसतंच ते. भांड्याच्या काचेला टॉर्च लावायची आणि ढवळणीकडे बघायचं. द्रावण निवत जातं तसं जड होतं. पाण्यात साखर विरघळताना तारा दिसतात ना, तशा तारा दिसायला लागतात. दिसल्या की तेवढ्यात टाकायचं. बावन्नपर्यंत थांबलात तर संपलं. सगळं एकदम कोसळतं आणि सुया होतात.

भाची: हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? मी विचारलं होतं. कॅन्टीनमध्ये, तुझ्या समोर बसून. तू म्हणालीस, जे लिहिलंय तेच.

मावशी: तुझ्याबरोबर दोन सूटवाले होते. एकाच्या हातात वही. आणि तू मला 'मॅडम' म्हणालीस.

भाची: कामावर होतो आपण!

मावशी: कामावरच होतो. म्हणून कामावरचं उत्तर दिलं.

भाची: मनात असतं तर घरी सांगितलं असतंस. दीड वर्षं होतं हातात.

मावशी: दीड वर्षात तू घरी आलीस कितीदा? एकदा. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी, फुलं घेऊन. आणि हो, खोटं कशाला बोलू? मला वाटलंच होतं, चालू दे यांचं यंत्र, पडू दे तोंडघशी. बसले होते वाट बघत. गोळी खाणाऱ्यांचा विचार तेव्हा नाही आला मनात. तो नंतर आला.

भाची: मग आता तरी सही कर. खरं तापमान कुठून आलं हे लेखी दाखवल्याशिवाय लाइनची पद्धत बदलता येत नाही. तुझ्यावर खटला-बिटला काही होणार नाही. मी विचारून घेतलंय.

मावशी: 'कोणालाही न विचारता' हे कुणाला विचारून लिहिलं?

भाची: म्हणजे?

मावशी: मी लागले तेव्हा खरं लिहायचे. पहिलं वर्षभर. नियमात बावन्न होतं; एकदा पंचावन्न लिहिलं, तर सगळी बॅच अडवली, दोन आठवडे खुलासे. तेव्हाच्या शिफ्टच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. पान फाडलं, कोरं पान समोर ठेवलं आणि म्हणाले, बाई, भांड्यात तुम्हाला योग्य वाटेल ते करा, कागदावर बावन्नच दिसलं पाहिजे. नाहीतर उद्यापासून पॅकिंगला जा. मी पान नव्याने लिहिलं. मग माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकीला तेच शिकवलं, बघायचं काचेत आणि लिहायचं बावन्न. आमच्यात ती रीतच पडली.

भाची: कोण साहेब?

मावशी: आता तू ज्यांच्या केबिनमधून आलीस ते, तुमचे मोठे साहेब.

भाची: मावशी...

मावशी: तेव्हा केस काळे होते त्यांचे. माणूस वाईट नव्हता. माझी आई गेली तेव्हा घरी आले होते.

भाची: हे लिहून काय होणार? पुरावा काय?

मावशी: पुरावा नाही. पान त्यांनी फाडलं ना. पण माझ्या सहीच्या कागदावर मी अर्धवट लिहिणार नाही. तीस वर्षं लिहिलं, पुरे झालं. कोरे कागद दे इकडे, पेनही दे. वकिलांचा तुझ्याकडेच ठेव.

(मावशी लिहीत बसते.)

मावशी: घे. तीन पानं झाली. प्रत्येकाखाली सही केलीय, तारीख टाकलीय. पहिल्यावर काचेत काय बघायचं ते. दुसऱ्यावर मी खोटं लिहिलं ते, कबूल. तिसऱ्यावर कुणी लिहायला लावलं ते.

भाची: अक्षर अजून तसंच आहे तुझं.

मावशी: याच टेबलावर गिरवायचीस तू माझं अक्षर. तुझ्या आईला मीच म्हटलं होतं, हिला केमिकलला घाल. पोरगी काचेतून बघायला घाबरत नाही.

भाची: मावशी, पुढच्या महिन्यात ते मला लाइनची प्रमुख करणार आहेत. पत्रावर त्यांचीच सही लागते.

मावशी: मग?

भाची: लाइन सुरू व्हायला ही दोन पानं पुरतात.

मावशी: दोन पानांत मी एकटीच खोटारडी ठरते.

भाची: माहितीय मला.

मावशी: माहितीय ना? मग झालं. ने. गोळी खाणाऱ्याने काय पाप केलंय?

भाची: रागावलीस?

मावशी: तिसरं तेवढं उचल टेबलावरून. पंख्याने उडेल.

भाची: तू ठेव ना कुठे तरी. मला नाही नेता येणार.

मावशी: बरं.

भाची: येऊ मी? रविवारी चक्कर टाकते.

मावशी: दार नुसतं ओढून घे. कडी मी लावते मग.