आधी टोपी काढा

झ्लात्काच्या डोळ्यांत थेंब घातले होते. ट्रोयान गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातलं सगळं तिला धुरकट दिसत होतं, कान मात्र शाबूत होते. शेजारच्या बाकावर एक आजी आणि नात हुज्जत घालत होत्या.

“ऑपरेशन करून घेते गं. पण तो डॉक्टर माझ्या डोळ्यातल्या भिंगाला नासलेलं म्हणाला!”

“आजी, मोतीबिंदू म्हणजे तेच.”

“नासण्याचं मला नको शिकवू. तू प्रयोगशाळेत दह्याचे जंतू तापवतेस, ते मरत का नाहीत?”

“आधी थोडी ऊब सोसली, की त्यांच्यात एक बारीक प्रथिन वाढतं. मग उष्णतेनं बाकीची प्रथिनं विस्कटली, तरी ते त्यांना धरून ठेवतं, गुठळी होऊ देत नाही.”

“म्हणूनच मी विरजणाला आधी चमचाभर कोमट दूध पाजते. तुला कळायला पाच वर्षं लागली. आणि डोळ्यात असं काही असतं का?”

“त्याच कुळातलं प्रथिन. जंतू नवं बनवत राहतात. तुझ्या भिंगाच्या गाभ्यात मात्र जन्माआधीचंच आहे. त्याला बदली नाही.”

“एक्क्याऐंशी वर्षं? चुलीपुढं, उन्हातान्हात?”

“हो. आता ते थकलं, म्हणून गढूळ झालं.”

“एकट्यानं किल्ला लढवला, आणि हा त्याला नासलेलं म्हणतो? आपल्याकडे प्रेतयात्रा चालली असली, तर दारुडासुद्धा मानानं टोपी काढतो!”

“आजी, हळू. डॉक्टर दारातच उभे आहेत.”

“बरं झालं. काठी दे माझी.”

काठी फरशीवर ठकठकत दारापर्यंत गेली आणि थांबली.

“डॉक्टर, ती हिरवी टोपी आधी काढा. मग भिंग काढा.”