जळबाचा पांढरा पाळणा

...आता तुमीच मला सांगा, 'रंग लावू नका' ह्या तीन शब्दांत न समजण्यासारखं काय हाय? रंग. लावू. नका. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला बी समजंल, आन् आमचा जळबा तर सातवी पास हाय! बारा दिवस राबून केलेला पाळणा ह्या माणसानं एका दुपारी नासवला, आन् आता माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो आन् मलाच म्हणतो, "तू मला आडवलं काहून न्हाई?" आरं बाबा, तुला लेकीनं आडवलं, बायकोनं आडवलं, तिथं मी कोण? सायकलीचं पंक्चर काढणारा माणूस!

थांबा, बराबर पयल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हणाल म्हातारा काही बी बडबडून राहिला.

जळबा म्हंजे आमच्या आखाडा बाळापूरचा सुतार. मेन रोडला दुकान, त्याला लागून माझं. साग, बाभूळ आन् निंब, ह्या तीन लाकडांत त्याची आख्खी जिंदगी गेली. आन् त्याला एक लेक, पुनम. खरं दुखणं इथंच हाय बघा. ही पोरगी दहा वर्षाची असताना डोळे मिटून नुसत्या भुश्याच्या वासावरून सांगायची, "बाबा, हा निंब. हा साग. आन् ह्या सागात तुमी आंबा मिसळला." गिऱ्हाईकासमोर सांगायची हो! रंधा हातात घेतला तर फळी आशी सरळ काढायची, की जळबा काम सोडून गुपचूप बघत राह्यचा. लय खूश असायचा मनातून. पण एक दिवशी कोणीतरी जाता जाता म्हणलं, "काय जळबा, आता पोरीकून रंधा मारून घेता का?" झालं! त्यानं तिच्या हातातला रंधा काढून घेतला. म्हणला, "घरात जा. चार माणसं काय म्हणतील?"

चार माणसं... तुमाला सांगतो, तीस वर्षं झाली मी ह्या रोडवर बसून राहिलो, ती चार माणसं मला कधी भेटली न्हाईत. कुठं राहतात, कोणत्या गाडीनं येतात, काही पत्ता न्हाई, पण जळबाच्या घरात समदा कारभार त्याइचाच.

पोरगी मोठी झाली, पुण्याला गेली, लाकडाचंच शिकली आन् तिथंच फर्निचरच्या कारखान्यात लागली. जळबा म्हणला, "सुतारकीच करायची व्हती तर घरी काय वाईट व्हतं?" ती म्हणली, "घरी तुमी रंधा कुठं धरू दिला?" मग माणूस काय करतो, बोलणं सोडतो. दोन वर्षं बापलेक बोलले न्हाईत. लग्न झालं तिचं तिकडंच, चांगलं झालं, पण बोलणं काही सुधरलं न्हाई. समदं मधी जळबाच्या बायकोच्या, शकुबाईच्या फोनवरून. "आई, बाबा जेवले का इचार." "सांग तिला जेवलो." शेजारी बसून आइकणारा माणूस "सांग तिला" म्हणतो! शकुबाई बिचारी दोघाइची बोलणी वाहून वाहून थकली.

आन् मग औंदा पोरीला दिवस गेले. पयला पाळणा आजोळचा, ही आपली रीत. तर ह्या टायमाला तिनं फोन आईला न करता डायरेक्ट बापाला केला. मी बाजूला चहा पिऊन राहिलो व्हतो, समदं माझ्या कानानं आइकलं. म्हणली, "बाबा, पाळणा तुमीच करा. लाकूड मी पाठवते."

चौथ्या दिवशी ट्रॅव्हल्सच्या टपावरून गोणपाटात बांधलेल्या सहा फळ्या उतरल्या. सोडून बघतो तर काय... पांढऱ्या! मलईसारख्या! विलायती लाकूड, सॉफ्ट मेपल म्हणतात. जळबाच्या तोंडी मेपळ. पोरीनं आख्ख्या थप्पीतून एक एक निवडून काढल्या व्हत्या, तपकिरी रेघ दिसली की बाजूला, गाठ दिसली की बाजूला. सात महिन्याचं पोट घेऊन! जळबानं अंगठ्याचं नख रुतवून बघितलं, म्हणला, "मऊ म्हणतात, पण हे तर सागाच्या जवळपास हाय की." पोरगी फोनवर हसली. म्हणली, "नावालाच मऊ हाय ते, बाबा. मशीनवर लवकर करपतं, पातं धारदार ठेवा. आन् एक, रंग लावू नका. हे लाकूड रंग सारखा पीत न्हाई, डाग डाग पडतात. वरून बिनरंगाचं तेल द्या, पांढरंच राहू द्या. येवढ्या टायमाला माझं ऐका."

"ऐकतो," म्हणला. मी साक्षीला हाय. डोळ्यात पाणी आलं व्हतं त्याच्या, भुसा गेला म्हणला. आरं, मशीन बंद हाय, भुसा कुठून आला?

मग लागला कामाला. पयल्याच कापाला मशीनवर काळा डाग पाडला, स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. मग रंध्याचं पातं घासलं, आसं घासलं की हातावरचे केस उडावे. आन् मग ते लाकूड जे सुटलं... लांबच्या लांब साल, शेवई जशी! साठीचा माणूस रोज सकाळी सातला दुकान उघडून राहिला. गाणं म्हणून राहिला! पोरगी रोज फोन करायची, हा सांगायचा, "कडा गोल केल्या, लेकराला लागू न्हाई." ती म्हणायची, "आतून बी करा." "केल्या, केल्या, मला शिकवते का." बारा दिवसांत बापलेक जेवढं बोलले, तेवढं बारा वर्षांत बोलले नसतील. पाळणा उभा राहिला तेव्हा शकुबाईनं पदरानं हात पुसले, मग हात लावला. म्हणली, "आसा पाळणा म्या जल्मात पाहिला न्हाई."

आता तेल द्यायचं आन् झाकून ठेवायचं, बराबर? न्हाई! ह्यानं तो उचलून दुकानाच्या पुढं रोडवर ठेवला. काहून? तर चार माणसं बघतील!

आन् बघितलं की हो चार माणसाइनं. पयला मोटरसायकलवाला, गाडी बी बंद केली न्हाई. "काय जळबा, पंपाच्या मोटारीच्या खोक्याचं लाकूड वाटतं?" मग दूधवाला. "रंग द्यायचा ऱ्हायला का? धुतलेल्या धोतरासारखं पांढरंफट दिसून राहिलं." मग आमचे व्यंकटराव, रिटायर माणूस, दिवसभर रोडच्या बाकड्यावर. चष्मा वर करून म्हणतात, "जळबा, व्याही पुण्याचे हायत. म्हणतील, सुताराच्या घरी नातवाला साग भेटला न्हाई, पेटीच्या फळ्या ठोकल्या." आन् त्यावर समदे हसले.

मी बी हसलो. खरं सांगतो, लपवत न्हाई. चांगला मोठ्यानं हसलो. मग घरी जाऊन मोजलं. मोटरसायकलवाला एक, दूधवाला दोन, व्यंकटराव तीन. आन् चौथा मी. तीस वर्षं ज्याइला धुंडून राहिलो, त्याच्यातला एक माझ्याच खुर्चीवर बसलेला!

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर जळबाच्या हातात सागवानी रंगाचा डबा. शकुबाई दारात, "आवो, पोरीला शबूद दिला तुमी." हा म्हणतो, "तिला काय कळतं, तिला व्याह्यापुढं मान खाली घालायची हाय का?" आन् मारला पयला हात. झालं ना तेच जे पोरगी म्हणली व्हती! एकीकडं चहासारखं, एकीकडं कातासारखं, मधीच पांढरं. ते झाकायला दुसरा हात, तर आणखी डाग. मग पॉलिश पेपर घेऊन घासायला बसला, पण रंग आत उतरला व्हता, निघंना. मी म्हणलं, "जळबा, राहू दे आता." आइकलं न्हाई. तिसरा हात, चौथा हात... चार वाजता पाळणा काळा-तपकिरी झाला. हा समोर उकिडवा बसला, हाताकडं बघत. मी चहा आणला तर घेतला न्हाई.

आन् पोरीचा फोन, "बाबा, व्हिडिओ लावा ना, बघू द्या." ह्यानं पंख्याचा व्हिडिओ दाखवला! दुसऱ्या दिवशी म्हशीचा. तिसऱ्या दिवशी म्हणला, नेट न्हाई. मग तिनं इचारणं सोडलं.

बाळंतपण डॉक्टरनं पुण्यातच करायला सांगितलं. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं समदे बारशाला बाळापूरला आले, व्याही, जावई, दोन गाड्या भरून. पाळण्यावर चादर टाकलेली. पुनमनं लेकरू आईकडं दिलं आन् चादर काढली.

हात फिरवला, कडेवरून, आतून. मग गुडघ्यावर बसली आन् खाली वाकून बघितलं. तळाला जळबानं रंग लावला नव्हता, तिथं कोण बघतं म्हणून. तिथं ते पांढरं तसंच व्हतं. ती लय वेळ तिथंच वाकून ऱ्हायली. जळबा भिंतीला टेकून उभा, आन् मला वाटलं आता ही भांडंल. भांडायला पायजे व्हतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

उठली, पदर सारखा केला, म्हणली, "सांधे लय सुरेख बसवले, बाबा."

तेवढ्यात विहीणबाई, पुनमच्या सासूबाई, आल्या. "अगं बाई, किती जड आहे! सागवान ना?" व्यंकटराव बी पेढा घेऊन तिथंच उभे. जळबानं तोंड उघडलं. तुमाला शपथेवर सांगतो, तो खरं बोलणार व्हता. पण पुनम आधी बोलली. डोळे मिटून लाकूड वळखणारी पोरगी, बापाकडं न बघता म्हणली, "हो आई. सागच."

चार माणसं खूश झाली. व्याह्यानं पाळण्यावर टकटक केलं, म्हणले, "असा साग आता पुण्यात मिळत नाही. जळबाजी, ह्याच लाकडाचा एक दिवाण आम्हाला करून द्या."

पुनम हसून म्हणली, "देतील की. बाबांच्या हातात काही बी द्या, त्याचा साग होतो."

समदे हसले. शकुबाई तेवढी आत निघून गेली. जळबा बी हसला, सगळे हसून राहिले म्हणून. आन् मग हातात माप घ्यायचा टेप घेऊन व्याह्याला म्हणतो, "दिवाण किती फुटी पायजे?"