चिमणच्या शेजारची जागा

(दुपार. सुताराचं वर्कशॉप. तो एका मोठ्या क्रूसाला पॉलिशपेपर मारतोय. बायको दारातल्या स्टुलावर बसलीय.)

सुतार: मी ह्या कानांनी ऐकलं. फादरनी नाव घेतलं, चिमण. आता जगात दुसरा कुणी चिमण असेल असं सांगू नकोस मला.

बायको: सांगत नाहीये.

सुतार: कॅथलिकांच्या देवळात, मागच्या बाकाखाली आडवा पडून मी गुडघे टेकायच्या फळीला बिजागरी बसवत होतो. वर त्यांची मिस्सा, म्हणजे उपासना, चाललेली. मेलेल्यांची नावं वाचायला लागले, आणि मधेच माझ्या पोराचं घरातलं नाव! हातातला स्क्रूच पडला माझ्या.

बायको: सापडला का?

सुतार: काय?

बायको: स्क्रू.

सुतार: थट्टा सुचतेय तुला! कुणी दिलं ते नाव?

बायको: मी. दुसरं कोण देणार? फादरनी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करू, तर तोंडात चिमणच आलं. त्याला कधी दुसऱ्या नावानं हाक मारलीच नाही मी.

सुतार: म्हणजे बहिणीकडे जाते म्हणून निघायचीस ती तिकडे जायचीस.

बायको: बहिणीकडेही जायचे. तिचं घर तिथेच पुढे आहे.

सुतार: अगं, मी आपल्या प्रोटेस्टंट मंडळीतला पंच आहे! लोक काय म्हणतील? माणूस मेला की हिशेब देवापाशी. मागून प्रार्थना करून काही बदलत नाही. आपल्यात लहान पोरालाही ठाऊक आहे हे.

बायको: मलाही ठाऊक होतं. चिमणला खड्ड्यात उतरवेपर्यंत ठाऊक होतं. आपल्या पाळकांनी कबरीवर प्रार्थना केली, ती आपल्यासाठी. आईबापाला धीर दे, म्हणाले. त्याच्यासाठी एक शब्द नाही! मी वाट बघत उभी राहिले, आता म्हणतील, मग म्हणतील. तोवर माती लोटायला सुरुवात झाली.

सुतार: ते नियमाप्रमाणेच वागले.

बायको: तुम्हीही नियमाप्रमाणेच वागलात. पोरगा पितो म्हणून त्याचं प्रभुभोजन बंद करायचं ठरलं, तेव्हा पंचांत बापाचाच हात वर. रविवारी सगळे भाकर घेताना तो मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचा. मग यायचाच थांबला. मग ट्रकखाली सापडला.

सुतार: आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करायला हवं होतं का मी? दुसऱ्याच्या पोराला तोच नियम लावला होता.

बायको: मी भांडायला बसले नाही हो. झालं ते झालं. मला फक्त त्याच्यासाठी काहीतरी करायचंय. आई आहे मी, हात बांधून कशी बसू? त्यांच्यात करता येतं.

सुतार: कर मग घरात. दार लावून कर. मी बघणार नाही.

बायको: चोरून नाही करायचं मला. येत्या रविवारी सकाळी ते मला त्यांच्यात घेणार आहेत.

सुतार: घेणार म्हणजे? तुझा बाप्तिस्मा झालाय की!

बायको: तो मानतात ते. पुन्हा पाणी घालत नाहीत. उभं राहून, तुमचं सगळं मानते असं बोलायचं असतं, एवढंच. पाठ केलंय मी.

सुतार: येत्या रविवारी! अगं, त्याच संध्याकाळी दोन्ही चर्चची ऐक्याची सभा आहे. हा क्रूस घेऊन मी पुढे चालणार आहे. सगळे ख्रिस्ती एक होवोत म्हणून मोठ्यांदा वाचणार आहे. आणि माझीच बायको सकाळी पलीकडे गेलेली!

बायको: मग झालं की ऐक्य. निदान एका घरात तरी.

सुतार: जिभेला काही हाड?

बायको: नाही ना, म्हणून तर वळते. त्या क्रूसाला ही भोकं कसली पाडलीत?

सुतार: विचारू नकोस. त्यांना येशूची मूर्ती असलेला क्रूस हवा, आपल्यांना रिकामा. चार बैठका झाल्या. शेवटी ठरलं, मूर्ती स्क्रूवर बसवायची. त्यांची प्रार्थना चालली की लावायची, आपली आली की काढायची.

बायको: आणि काढणार कोण?

सुतार: मीच. पेचकस खिशात ठेवायला सांगितलाय.

बायको: अरे देवा! त्याच्या अंगाला आधीच भोकं कमी होती का?

सुतार: हसू नकोस. पोट दुखेल तुझं.

बायको: ते न हसताही दुखतं.

सुतार: गोळी घेतलीस दुपारची?

बायको: घेतली. गाठीला त्या गोळीचं काही नसतं. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत.

सुतार: म्हणूनच म्हणतोय, आता कशाला हे? इतकी वर्षं काढलीस, थोडक्यासाठी... चिमणच्या शेजारची जागा आपण तुझ्यासाठी धरून ठेवलीय कबरस्तानात. तिकडे गेलीस की ती गेली.

बायको: माहीत आहे.

सुतार: काय माहीत आहे? मंडळी सोडली की जागेवरचा हक्क सुटतो. स्पष्ट नियम आहे.

बायको: तुम्हीच मांडलेला. बेकरीवाली म्हातारी लेकीपाठोपाठ कॅथलिक झाली, तेव्हा. नवऱ्याशेजारी पुरा म्हणून तिनं निरोपावर निरोप पाठवले. तुम्ही घरी येऊन म्हणालात, आज एकदाचा नियम पक्का झाला. मीच तुम्हाला चहा करून दिला. मला तेव्हा काहीसुद्धा वाटलं नाही हो! आता ती एकटी पडलीय टेकडीपलीकडे, त्यांच्या भिंतीच्या कडेला. मलाही तिकडेच नेतील.

सुतार: मी पंचांपुढे बोलून बघतो. म्हणतो, आजारी बाई आहे, सूट द्या.

बायको: आणि बेकरीवालीच्या लेकीला काय तोंड दाखवाल?

(सुतार क्रूसाची कड जोरजोरात घासू लागतो.)

बायको: नका बोलू. रडकुंडीला येऊन मागाल आणि ते नाही म्हणतील. तुम्हीच शिकवलंय त्यांना नाही म्हणायला.

सुतार: म्हणजे पोराच्या शेजारची जागा सोडणार तू.

बायको: सोडवत नाही हो. आतडं तुटतं माझं. त्याला लहानपणी अंधाराची भीती वाटायची, माझा पदर धरून झोपायचा. पण शेजारी नुसती पडून काय करू मी त्याच्यासाठी? जे करायचं ते श्वास आहे तोवर. लांब पडेन, पण त्याच्यासाठी देवापाशी मागून पडेन.

सुतार: मग त्या जागेत मी जाईन.

बायको: जा. जिवंतपणी तर बसला नाहीत त्याच्या शेजारी.

सुतार: बोल. बोलून घे.

बायको: बोलले. आता नाही बोलणार. क्रूसाला किती घासताय? कड गेली बघा त्याची.

सुतार: जाऊ दे. ते नाव... एकदा दिलं की झालं ना?

बायको: छे. दर महिन्याला जाऊन सांगावं लागतं. नाहीतर राहून जातं. बाकीच्यांची माणसं येतात, सांगतात.

सुतार: आणि तुझ्यानंतर?

बायको: तेच घोळतंय डोक्यात. बहिणीला पायऱ्या चढवत नाहीत. माझ्यामागे त्याचं कुणी नाव घेणार नाही. ह्या गाठीपेक्षा ते जास्त दुखतं.

सुतार: माझा विश्वास नाही त्याच्यावर. स्पष्ट सांगतो. आजही नाही.

बायको: मी कुठे म्हटलं ठेवा म्हणून?

सुतार: आणि चिमण काय चिमण! भर चर्चमध्ये, परक्या माणसांपुढे. एवढा मोठा बाप्या होता तो.

बायको: मग काय सांगायला हवं होतं?

सुतार: पूर्ण नाव. मी ठेवलं होतं ते. बापाच्या नावासकट.

बायको: बापाच्या नावासकट वाचलं तर सगळ्यांना कळेल, कुणाचा मुलगा ते. दुसऱ्या दिवशी पंचांच्या कानावर जाईल.

सुतार: जाईल.

बायको: काढून टाकतील तुम्हाला. त्याच्या शेजारची जागाही जाईल मग.

सुतार: कळतंय मला. पॉलिशपेपर संपला. आतला दे.

बायको: हा घ्या. ... जाल खरंच?

सुतार: महिन्याच्या कुठल्या दिवशी जातेस तू?

बायको: पहिल्या शनिवारी. मोठ्यानं सांगा, फादरना कमी ऐकू येतं.