विहिरीतला दिवा आणि जिऱ्याची पुडी

...आन् तुम्हाला सांगतो, वरून शाळेचे साहेब मलाच म्हणतेत, शेठ, कथेचे घटक पाच असतात! अरे, पाच असू द्या, पंचवीस असू द्या, मी काय नको म्हणलो का? पण चार बराबर आन् पाचवा रिकामा, तर कथा नापास, पोरं नापास, मी नापास, आन् पुस्तकाच्या कपाटाला पुन्हा कुलूप? हा कुठला न्याय? माझ्या दुकानात गिऱ्हाईक पाच जिनसांची यादी घेऊन येतं, चार असतेत, एक नसते, तर मी काय त्याला हाकलून देतो का? चार देतो, पाचव्याला म्हणतो उद्या या. पण शाळेत ‘उद्या या’ चालत न्हाई म्हणे.

आता तुम्ही म्हणाल, वसंताशेठ, तुमचा किराणा, तुमचा आन् कथेचा संबंध काय? तेच तर सांगून राह्यलो. माझं शिक्षण चौथी. चौथीतून आमच्या बापानं, रखमाजीनं, उचललं आन् पुड्या बांधायला बसवलं. शाळेत मला अक्षरं तेवढी कळली, वाचायला मी शिकलो ते रद्दीवर. अंबडहून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्याच्यात पेपर असायचे, मासिकं असायची, पोराटोरांची पुस्तकं, कुणाच्या लग्नपत्रिका, काय वाटंल ते. हात पुडी बांधायचे आन् डोळे वाचायचे. पण बापाचा नियम होता, एका कागदाच्या दोन पुड्या. म्हंजे कागद आधी मधोमध फाडायचा, मंग बाकीचं. त्याच्यामुळं काय झालं, आयुष्यात मी चार-पाचशे गोष्टी वाचल्या असतील, पण पुरी एकबी न्हाई. राजा शिकारीला निघाला... पुढं कागद फाटलेला. सुनंनं आतून कडी लावली... पुढं कागद फाटलेला. एका मासिकात तर बाईनं पिस्तूल काढलं, नवऱ्यावर रोखलं, आन् तेवढ्यात गिऱ्हाईक हरभऱ्याची डाळ घेऊन गेलं. ती बाई माझ्या डोक्यात अजून तशीच पिस्तूल रोखून उभी हाये. हात भरून आला असंल बिचारीचा.

बरं, ह्या सगळ्यांचं मी सोसलं. पण एक गोष्ट अशी बसली म्हणता, कुसळावानी. बारा वर्षांचा होतो. गोष्टीत दोघं भाऊ, धा वर्षं एकमेकाशी बोलणं न्हाई. गावाच्या बाहेर एक कोरडी विहीर, त्याच्यात बारा वर्षांत कुणी उतरलेलं न्हाई. आन् काही कामानं थोरल्याला त्याच विहिरीत उतरायची पाळी येती, आन् दोर धरायला गावात मोकळा माणूस एकच, धाकटा. थोरला उतरला. खाली अंधार. पाय टेकले, आन् पाहतो तर काय, दिवा लागलेला! बारा वर्षं जिथं कुणी गेलं न्हाई तिथं तेलवात करून दिवा ठेवलेला. वरून धाकट्यानं धा वर्षांत पहिल्यांदा आवाज दिला, “दादा, खाली काय हाये?” आन् थोरला दिव्यापशी गेला, तर दिव्यापशी...

पुढं कागद फाटलेला.

आन् फाडला कुणी? मीच! त्याच्या घडीभर आधी, माझ्याच हातानं, कुणाच्या तरी मोहरीला. पंचेचाळीस वर्षं झाली. मी त्या गोष्टीपायी जालन्याची रद्दी पाहिली, कुंभार पिंपळगावच्या बाजारात जुन्या पुस्तकाची पथारी लागायची ती उलटीपालटी केली. न्हाई म्हंजे न्हाई.

आता शाळेचं. आमच्या गावच्या शाळेत मी समितीवर हाये. समितीवर म्हंजे काय, पंधरा ऑगस्टला चॉकलेटाची पाकिटं धाडायची आन् खुर्चीवर बसायचं. तर तिथं हेडमास्तरीण आल्या ज्योत्स्ना मॅडम. बाई चांगली, पण कपाटाला भ्यायची. पुस्तकाचं कपाट हो! दोनशे चाळीस पुस्तकं, एकदम कोरी, उघडली तर पानं कुरकुर वाजतील अशी, आन् कुलपात. मी विचारलं, हे का? तर म्हणल्या, काका, चार्ज माझ्याकडं हाये, एक जरी हरवलं तरी मला लिहून द्यावं लागतं, फाटलं तरी लिहून द्यावं लागतं. मी म्हणलं, मॅडम, माझ्या गोदामात असा माल राह्यला असता तर उंदरानं तरी वाचला असता.

ते त्यांना लागलं. म्हणल्या, बरं, शनिवारी एक तास कपाट उघडते, सातवीला तुम्हीच वाचनाची गोडी लावा, तुम्हाला बोलायची हौस हाये. पण अट अशी, महिन्यानं केंद्रप्रमुख अण्णासाहेब येणार. पोरांनी एक कथा घेऊन तिचे पाच घटक सांगितले पायजेत. पात्रं, स्थळ, प्रसंग, अडचण, शेवट. सांगितले तर तास चालू, न्हाई सांगितले तर शनिवारी सराव परीक्षा, आन् कपाट बंद. मी म्हणलं, बस? एवढंच? आता सांगा, ह्या तोंडाला काय करावं?

पहिला शनिवार. बत्तीस पोरं. मी म्हणलं ह्यांना ह्यांच्या भाषेत सांगू. म्हणलं, बाळांनो, पात्र म्हंजे गिऱ्हाईक. स्थळ म्हंजे दुकान. प्रसंग म्हंजे गिऱ्हाईकानं साखर मागितली. अडचण म्हंजे साखर संपली. आता शेवट काय? पाठीमागून मिथुन म्हणून एक पोरगं हाये, लई हुशार, ते म्हणलं, “गूळ द्यायचा.” मला एवढा आनंद झाला म्हणता! म्हणलं शाब्बास, हेच तर पायजे. आन् तिथंच मी बुडलो. कारण त्या दिवशी बत्तीसच्या बत्तीस वह्यांत शेवट म्हणून लिहिलं, गूळ दिला. बरं, तेवढ्यावर थांबलं का? पुढच्या शनिवारी गोष्ट दिली सिंहाची. शेवट, गूळ दिला. गोष्ट दिली चंद्रावर गेलेल्या माणसाची. शेवट, गूळ दिला. चंद्रावर! ज्योत्स्ना मॅडमनं वह्या पाहिल्या आन् माझ्याकडं असं पाहिलं, जसं आपण खवट शेंगदाण्याकडं पाहतो.

मंग मी म्हणलं, वाचतेत तरी कसे बघू. तर वाचतेतच कुठं? पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान, तिथं प्रश्न असतेत. प्रश्न वाचायचा, मंग मागं जाऊन उत्तर हुडकायचं, जसं गव्हातला खडा, सापडला की बाकीचा गहू तसाच. आन् तेबी सगळे न्हाई. आर्यन म्हणून एकजण नेमलेला. तो एकटा शेवटचं पान पाहायचा आन् वर्गाला जाहीर करायचा, “मेला. सिंह मेला. लिहा.” एकतीस पोरं लिहायची. झाली गोष्ट. चार मिनिटांत. राह्यलेल्या वेळात म्हणायची, आबा, आता मैदानावर जाऊ का?

मी म्हणलं, अरे गाढवांनो, तुमच्या हातात पुरा कागद हाये रे, दोन्हीकडून, फाटलेला न्हाई, आन् तुम्ही शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकता? मला लई वाईट वाटलं, तुम्हाला खरं सांगतो. आन् त्या रागात मी एक नियम काढला. फळ्यावर लिहिला, मोठ्या अक्षरात, माझ्या चौथीच्या अक्षरात. ‘शेवट सांगायचा नसतो, वाचायचा असतो.’ बत्तीस पोरांकडून तीनदा म्हणून घेतला. कुणी कुणाला शेवट सांगायचा न्हाई, मला तर बिलकुल न्हाई. ध्यानात ठेवा हा नियम. मी ठेवला न्हाई, म्हणून हे दिवस आले.

तिसऱ्या शनिवारी मी थकलो. पुस्तकं उघडून राह्यलो, पोरं जांभया देऊन राह्यली. मंग आपल्याच तंद्रीत मी विहिरीची गोष्ट सांगायला लागलो. ते दोघं भाऊ, तो दोर, तो दिवा. आन् काय सांगू, वर्गात पंख्याचा आवाज यायला लागला. मिथुन डेस्कवर चढून बसला. अक्षता म्हणून एक पोरगी हाये, कोपऱ्यात बसती, हजेरीला सुद्धा नुसता हात वर करती, तिनं मान वर केली. थोरला दिव्यापशी गेला, तर दिव्यापशी... मी थांबलो.

“मंग?”

मंग काय? पुढं कागद फाटलेला.

जो कालवा झाला म्हणता! पोरांना खरंच वाटंना. आबा मुद्दाम लपवून राह्यले, आबा पुढच्या शनिवारी सांगतील. दुकानावर यायला लागली. सकाळी येती, शाळा सुटल्यावर येती, पायरीवर उभी राहती, घेत काही न्हाई, नुसतं विचारती, भूत होतं का? आई होती का? गिऱ्हाईकाला आत यायला वाट न्हाई. मला वाटलं, वसंता, जिंकलास, आता वाचतील. आन् खरंच तुटून पडली कपाटावर! पण कशाला? तर ती गोष्ट हुडकायला. पुस्तक उघडायचं, पहिलं पान पाहायचं, “हितं विहीर न्हाई,” बंद. दुसरं. “हितं समुद्र हाये,” बंद. एका तासात दोनशे चाळीस पुस्तकं नापास केली. आता ह्याला वाचन म्हणावं का बाजारातली झडती म्हणावं?

आन् आले अण्णासाहेब. माणूस तसा भला, पण हातात फॉर्म. म्हणले, कुठलीबी एक कथा घ्या आन् पाच चौकोन भरा. बत्तीस पोरांनी एकच कथा घेतली. सांगायला पायजे का कुठली? आन् काय भरलं हो पोरांनी! पात्रं, दोन भाऊ, आन् कंसात लिहिलं, दिवा लावणारं कुणीतरी. स्थळ, कोरडी विहीर. अडचणीत तर मिथुननं लिहिलं, ज्याच्याशी बोलत न्हाई त्याच्याच हातात दोर हाये. मला सांगा, सातवीचं पोरगं! मी पंचेचाळीस वर्षं ती गोष्ट उराशी धरून बसलो, मला हे सुचलं न्हाई. कुणी कुणाचं पाहून लिहिलं न्हाई, गूळ कुणी दिला न्हाई. आन् पाचवा चौकोन? बत्तीसच्या बत्तीस रिकामा. आर्यननं तेवढं खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘आबांना माहीत न्हाई.’

अण्णासाहेब म्हणले, शेवट न्हाई म्हंजे ही कथाच न्हाई. मी म्हणलं, साहेब, पोरांनी खरं लिहिलं, ठाऊक न्हाई ते सोडून दिलं, गूळ दिला असं लिहिलं असतं तर तुमचे पाच पुरे झाले असते. म्हणले, झाले असते. फॉर्मवर शेरा मारला, विद्यार्थ्यांना शेवट ओळखता येत नाही. शनिवारी सराव परीक्षा. ज्योत्स्ना मॅडमनं माझ्यासमोर कपाटाला कुलूप घातलं, पण नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं न्हाई, तेवढी माया बाईची.

आन् मजा बघा. अण्णासाहेब फाटकापर्यंत गेले, मोटारसायकलला किक मारली, बंद केली, परत आले. इकडंतिकडं पाहिलं आन् हळूच म्हणले, “शेठ, आपल्यात सांगा. दिवा कुणी लावला होता?”

मी म्हणलं, साहेब, पुढं कागद फाटलेला.

हितं संपलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मागच्या मंगळवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, दुकानात ही गर्दी, तेव्हा ती अक्षता आली. ती मुकी कोपऱ्यातली. वहीचं मोठं पान, एका बाजूनं वरपासून खालपर्यंत लिहिलेलं, काट्यापशी ठेवलं आन् म्हणली, “आबा, शेवट.” एवढंच बोलली. गेली. तुम्हाला सांगतो, पंचेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी मला शेवट आणून दिला, आन् तोबी पुरा कागद. म्हणलं, असा गडबडीत न्हाई वाचायचा. बाजार उठू दे, हातपाय धुऊ, बैठकीवर बसून वाचू. पान अर्ध्या किलोच्या वजनाखाली ठेवलं. आन् लागलो कामाला. जिरं द्या, ओवा द्या, हळद द्या, जल्दी करा शेठ, बस जाऊन राह्यली...

बाजार उठला. हातपाय धुतले. वजन उचललं.

खाली काही न्हाई.

कळलं ना? हाताला काय माहीत? हात बापाचा शिकवलेला. प्लास्टिक बंद झाल्यापासून पुन्हा कागदच आलेला. उचललं, मधोमध फाडलं, दोन पुड्या. एक पुडी ओव्याची, ती कुणाला गेली देवाला ठाऊक. दुसरी जिऱ्याची, ती आठवली, पुष्पाबाईला. पुष्पाबाई म्हंजे आमच्या गल्लीत लेकीकडं आलेली, हसनाबादची. लेकीकडं पळालो, तर बाई दुपारच्या बसनंच गेल्ती. नंबर घेतला, फोन लावला. म्हणलं, बाई, एका कागदाच्या दोन पुड्या झाल्या, तुमचा जिऱ्याचा कागद चुलीत घालू नका, तेवढा वाचून दाखवा. बाईनं चष्मा हुडकला, एक एक अक्षर लावत वाचलं. थोरला दिव्यापशी गेला. दिव्यापशी एक म्हातारं माणूस बसलेलं. थोरल्यानं विचारलं, तू कोण? म्हाताऱ्यानं दोराकडं बोट केलं आन् म्हणलं, बारा वर्षांपूर्वी हा दोर तुमच्या...

“पुढं कागद फाटलेला हाये, शेठ,” पुष्पाबाई म्हणली.

रात्रभर डोळा न्हाई. सकाळी अक्षताच्या घरी गेलो. अंगणात झाडून राह्यलती. साठीला टेकलेला माणूस मी, तिच्यापुढं हात जोडले. म्हणलं, बाई, चूक झाली, पान हरवलं, तोंडानं तरी सांग, म्हातारा काय म्हणला? तिनं झाडणी भिंतीला टेकवली.

“शेवट सांगायचा नसतो आबा. वाचायचा असतो.”

मी म्हणलं, अगं तो नियम पोरांसाठी होता. तर म्हणली, तुम्हीच म्हणले होते, मला तर बिलकुल न्हाई. आन् झाडायला लागली.

बघा आता. महिनाभर शिकवलं, बत्तीस पोरांत एकीच्या ध्यानात राह्यलं, एकच वाक्य राह्यलं, आन् तेबी माझ्याच मुळावर. पुन्हा लिही म्हणावं, तर शनिवारी सराव परीक्षा हाये म्हणती, अभ्यास हाये.

काल हसनाबादहून फोन. पुष्पाबाई. मी म्हणलं, जिरं संपलं का बाई, धाडू का कुणासंगं? तर म्हणली, जिऱ्याचं राहू द्या शेठ, घरात डबा भरून हाये... त्या दुसऱ्या पुडीचा कागद तेवढा धाडा.