गेल्या दोन आठवड्यांत

(बंद शिवणदुकानामागची खोली. कापड बेतायचं मोठं टेबल, त्यावर आज फक्त एक छापील कागद. दुपार.)

वडील : मग, किती मार्क पडले मला?

मुलगी : एक.

वडील : सत्तावीसपैकी एक? अगं, शाळेत मी ढ होतो, पण इतका नाही.

मुलगी : इथे कमी पडलेलेच चांगले, बाबा. जास्त पडले की समजायचं, माणूस आतून खचलाय. आम्हाला यंदा मनाचे आजार शिकवतात ना, त्यातली प्रश्नावली आहे ही.

वडील : म्हणजे तुझ्या बापानं नाव काढलं म्हण की. तो एक कशाचा?

मुलगी : गुडघा दुखतो म्हणून कधीमधी झोप मोडते म्हणालात.

वडील : मग तो खोडून टाक. गुडघा कुठे मनात असतो? चहा टाकू?

मुलगी : दोनदा झालाय मघापासून. बसा तुम्ही.

वडील : बसलोय. बसलेलाच असतो. तुमच्या बाईंनी घरच्यांना विचारायला सांगितलं होतं होय?

मुलगी : उलट बजावलं होतं, घरच्यांना अजिबात विचारू नका म्हणून. घरचे खरं सांगत नाहीत म्हणे. वर्गातच दोघादोघांनी एकमेकांना विचारायचं होतं.

वडील : मग तुझ्या जोडीला कोण होतं?

मुलगी : वर्गात आम्ही एकेचाळीस जण आहोत.

वडील : हं. म्हणजे एक उरतो.

मुलगी : उरतो.

वडील : एका परीनं बरंच झालं. नाहीतर तू कशाला आली असतीस इतक्या लांब? टोमणा मारत नाही गं. खरंच बरं वाटलं.

मुलगी : बाबा, वाचताना लक्ष लागतं का विचारलं, तर तुम्ही म्हणालात, छान लागतं. बाहेर आठ दिवसांचे पेपर पडलेत. एकाचीही घडी मोडलेली नाही.

वडील : आजचा वाचला की.

मुलगी : आजचा. आणि झोप?

वडील : काल मस्त लागली. सकाळी तू यायची होतीस ना.

मुलगी : भूक?

वडील : आत्ताच तर जेवलो दोघं. मी एक पोळी जास्तच खाल्ली, तूच म्हणालीस.

मुलगी : प्रत्येक प्रश्नाच्या आधी मी काय वाचत होते, आठवतंय? 'गेल्या दोन आठवड्यांत.' नऊ वेळा वाचलं. तुम्ही गुडघा सोडून सगळी उत्तरं आजची दिलीत.

वडील : (उठू लागत) चहा टाकतो.

मुलगी : रागावले नाहीये मी.

वडील : तुला एक गंमत सांगू? कमरेला टेप लागली की गिऱ्हाईक पोट आत ओढतं. श्वास धरून ठेवतं. लबाडी नसते बिचाऱ्याची, आपसूक होतं. पण ते माप धरून शिवलं, तर पँट घरी जाऊन चढत नाही.

मुलगी : मग तुम्ही काय करायचात?

वडील : टेप तशीच धरायची आणि विचारायचं, मुलं काय करतात? माणूस बोलायला लागला की पोट आपोआप सैल पडतं.

मुलगी : तुमची मुलं काय करतात?

वडील : एकच आहे. लांब शिकायला असते. दर रविवारी फोन करते, दहा मिनिटं. तेवढं मी हसून बोलतो. मग पुढचा रविवार उजाडेपर्यंत तोंड उघडायचं काही कारणच पडत नाही. दुकान चालू होतं तेव्हा निदान बाही आखूड झाली म्हणून कुणी भांडायला तरी यायचं. परवा मशीनला तेल घातलं आणि चालवत बसलो. धागा न ओवता.

मुलगी : कशाला?

वडील : घरात आवाज हवा म्हणून. उठलो तेव्हा अंधार पडला होता. हे तुझ्या कुठल्या प्रश्नात बसतं?

मुलगी : कुठल्याच नाही.

वडील : मग लिहू नकोस. उगाच तुझे मार्क जातील.

मुलगी : हा कागद मी बाईंना देणारच नाही. उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी इथे आहे तोवर.

वडील : म्हणजे मी आजारी आहे?

मुलगी : ते मला नाही ठरवता येत, बाबा. पहिल्या वर्षाला आहे मी. आम्हाला नुसतं विचारायला शिकवलंय. पण मला भीती वाटली ऐकून.

वडील : घाबरू नकोस. जाऊ आपण. तू बरोबर आलीस तर मी येतो. पण मग बाईंना काय देशील?

मुलगी : बघू.

वडील : बघू काय? दुसरा कोरा कागद असेल ना तुझ्याकडे? आण. तो चष्मा दे. मी विचारतो, तू सांग. उरलेल्यालाही जोडीदार मिळाला.

मुलगी : अहो, मला काय झालंय? मी मजेत आहे.

वडील : गेल्या दोन आठवड्यांत. कुठल्या गोष्टीत मन लागत नाही, असं झालं?

मुलगी : नाही.

वडील : बरं. झोप?

मुलगी : चांगली लागते.

वडील : बरं. जेवायला कुणाबरोबर बसतेस?

मुलगी : हे नाहीये त्यात.

वडील : नसू दे.

मुलगी : (टेबलावरच्या भरलेल्या कागदाची घडी घालू लागते.)

वडील : सावकाश सांग. टेप धरलीय मी.