निकिताचा गरीब साप

रिसोडच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर आई, बाप आणि कॉलेजातली पोरगी केनवडच्या गाडीची वाट पाहत होते.

"साप घरात आला तं मी माहेरी जाईन."

"आई, परदेशी हाय, बिनविषारी. ना लहान, ना मोठा. गळ्यात घेतला तरी चावत नाही."

"तुह्या आईपेक्षा गरीब दिसते."

"अन् बाबा, आठवड्यातून एकदाच जेवते."

"पण निकिता, घरात साप म्हंजे रोज नागपंचमी. चुलीवर तवा नाही, विळीनं चिरनं नाही. नुसतं उकडलेलं खाशीन?"

"आवो, रोज?" आईनं विचारलं.

"रोज. विचार, तुह्या माहेरी."

"पोळ्या बंद?"

"बंदच."

"निकिता, एकट्याले कसं करमन त्याले? दोन आण."