शनीचं कडं आणि एक पळी तेल

हे विश्वंभरा, हे सावळ्या मायबापा, तुझ्या पायी हा माथा... टेकवला. आता ऐक. नाही, तू कशाला ऐकतोस, तू तर वरून सगळं पाहतच होतास, तुझे दोन्ही डोळे शाबूत आहेत! या समोरच्या सज्जनांना सांगतो. तुम्हाला सांगतो मंडळी, मी काय राज्य मागितलं होतं? मोक्ष मागितला होता? मुलगा तहसीलदार व्हावा म्हणून नवस बोललो होतो? मला फक्त ते कडं बघायचं होतं हो!

कसलं कडं? शनीचं कडं. छत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत भूगोल शिकवला, आणि छत्तीस वर्षं फळ्यावर खडूनं एक गोळा काढून त्याच्याभोवती आडवं कडं काढत आलो, 'मुलांनो, हा शनी, आणि हे त्याचं कडं.' ते गोळ्याला चिकटलेलं आहे की सुटं आहे, जाड आहे की पापुद्र्यासारखं, मला कुठं ठाऊक? पुस्तकात होतं, मी काढलं. आणि उजवा डोळा माझा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला, उरला डावा, त्यात आता मोतीबिंदू! नगरला डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणतात, "गुरुजी, अजून कच्चा आहे. पिकू द्या, मग काढू." पिकू द्या! अहो, तो काय आढीत घातलेला आंबा आहे? म्हटलं, "पिकल्यावर काढलात तर दिसेल ना?" तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकच डोळा आहे गुरुजी, शब्द देत नाही."

शब्द देत नाही! झालं. म्हणजे हा एक हिवाळा काय तो माझा. म्हटलं, देवा, तुझं रूप मी मिटल्या डोळ्यांनी बघेन, पुढं त्याला वेळच वेळ आहे. पण हे कडं काही मिटल्या डोळ्यांनी दिसायचं नाही.

आणि योग कसा बघा! गेल्याच, त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, शेपटीचा तारा येणार, येणार म्हणून वर्तमानपत्रांनी डंका पिटला. आमच्या गावचे आप्पासाहेब, म्हणजे उसाचे मोठे बागायतदार, देवळासमोर मला म्हणाले, "गुरुजी, गावाला येक दुर्बीन घ्यायची. पैकं माजं, निवड तुमची." मला वाटलं, देवानंच आप्पासाहेबांचं रूप घेतलं! पण देव कधी यादी काढत नाही, मंडळी. आप्पासाहेबांनी खिशातून यादी काढली. "हे बगा, शेपटीचा तारा दिसला पायजे. चंद्र दिसला पायजे. मळ्यात रानडुक्कर घुसलं तर वाड्याच्या माडीवरनं कळलं पायजे. आन फोटू निगाला पायजे, आबाळाचा, लई मोठा, बैठकीत लावायला. काय हाय गुरुजी, येक वस्तू घ्यायची ती सगळ्या कामाला आली पायजे!"

म्हटलं, "आणि शनीचं कडं?"

"आं? व्हय, त्ये बी लिवा की शेवटी!"

शेवटी. ऐकलंत? माझं कडं शेवटी!

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर आमच्या मनकर्णाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. "शनीकडं बघणार? समोरून?" आता तुम्ही आमच्याच भागातले, तुम्हाला काय सांगावं, शनिमहाराजांच्या दृष्टीसमोर उभं राहायचं नसतं, बाजूला होऊन हात जोडायचे. त्यातून माझी रास कर्क, शनी मिथुनेत, साडेसातीची ऐन सुरुवात! ती म्हणाली, "असलेला एक डोळा त्याच्या डोळ्याला भिडवणार का? समोरून बघाल तर माझी शपथ आहे." आणि शेजारची छबूबाई, जिचं सगळं आयुष्य आमच्या ओट्यावर भजन ऐकण्यात गेलं, तीही कुंपणावरून, "न्हाई गुरुजी, असं करू नगा. आमाला तुमचं तोंड बगून तर हरिनाम ठावं झालं. तुमचा डोळा गेला तर पोथी कोन वाचंल?" माया खरीच त्यांची! पण मला... मला फक्त ते कडं बघायचं होतं हो!

तर गेलो पुण्याला, आप्पासाहेब आणि मी. तिथं एक गृहस्थ स्वतःच्या हातानं काचा घासून दुर्बिणी तयार करत. सज्जन माणूस, बोटं पांढरी, बोलणं मोजकं. म्हणाले, "आजोबा, आधी काय बघायचंय ते ठरवा. सगळं करणारी दुर्बीण नसते. नळीच्या लांबीला भुलू नका, आरसा किंवा भिंग किती रुंद आहे ते बघा, कारण उजेड तेच गोळा करतं. आणि त्याहून महत्त्वाचे तिचे पाय. पाय हलला की आकाश हललं." वा! मी मनात म्हटलं, हा तर साधूच. आणि आमचे आप्पासाहेब काय विचारतात? "रानडुक्कर दिसंल का?"

त्यांनी एक दुर्बीण रस्त्याकडं वळवून दिली. आप्पासाहेबांनी डोळा लावला आणि ओरडले, "आरं, मानसं डोक्यावर चालत्यात!" गृहस्थ म्हणाले, "आकाशाच्या दुर्बिणीत उलटंच दिसतं. वर काय, खाली काय, ताऱ्यांना फरक पडत नाही." "ताऱ्यांला न्हाई पडत, पन उसाला पडतो की! शेंडा कंचा आन बुडखा कंचा?" मी विचारलं, "आणि फोटो?" "चंद्राचा निघेल. ताऱ्यांचा हवा असेल तर पृथ्वी फिरते तशी दुर्बीण फिरवणारं यंत्र हवं, ते सुरुवातीला नको. आधी बघायला शिका." तुम्हाला सांगतो, इतकं शहाणपण मी चातुर्मासातही ऐकलेलं नाही!

मग त्यांनी दोन पुढं केल्या. एक लांब, भिंगाची. "कडं बघायचंय ना आजोबा? ही घ्या. सरळ डोळा लावायचा, समोर शनी." समोर! मला मनकर्णेची शपथ आठवली. "आणि ही दुसरी?" "ही आरशाची. आखूड, रुंद. हिचं तोंड उघडं असतं, आरसा तळाशी, आणि बघायचं बाजूनं." मी म्हटलं, "बाजूनं?" "हो, नळीच्या बाजूला." "म्हणजे शनीकडं तोंड करायचं नाही?" "नाही हो, पण असं का..." "हीच द्या!"

ते गृहस्थ माझ्याकडं असे बघत राहिले... कोणी दुर्बीण आरशासाठी घेतो, कोणी किमतीसाठी, शनीची नजर चुकवण्यासाठी घेणारा त्यांना पहिलाच भेटला असणार! निघताना एवढंच म्हणाले, "आरशाला बोट लावू नका. फडकं लावू नका. मुलामा वरच्या अंगाला आहे, पापणीसारखा जपा." मी मान डोलावली. मी एकट्यानं डोलावली, मंडळी. गावानं नाही.

एस.टी.त ती नळी मांडीवर घेऊन नगरपर्यंत आलो. कंडक्टर म्हणतो, "आजोबा, तोफ का?" म्हटलं, "तोफ असती तर बरं, कोणी तोंड घातलं नसतं." तोवर तो शेपटीचा तारा येऊन गेलासुद्धा, आणि तोही कसा, तर मुंडावळ्या न बांधलेल्या नवरदेवासारखा, कोणाला ओळखूच आला नाही! म्हटलं उत्तम, आता शनीच.

माघ महिना. दिवेलागण झाली की शनी चांगला वर येई. पण पहिला मान कोणाला? फोटोला! राहुरीहून गहिनीनाथ फोटोवाला आणला. भिंगांशी रोजचा व्यवहार त्याचा, शनी त्यानं पटकन धरला, पण मग दुर्बिणीला कॅमेरा दोरीनं बांधला, डोक्यावर काळं फडकं घेतलं, आणि सवयीनं आभाळाला म्हणतो, "हलू नका... मान थोडी सरळ..." शनीला! मान सरळ! साडेसात वर्षं माणसाला वाकवणाऱ्याला! आणि तो काय थांबतोय? पृथ्वी फिरते, शनी सरकतो, हा पुन्हा बांधतो. सगळा शुक्रवार त्यात गेला. आठ दिवसांनी फोटो आला, त्यात काय? चवळीच्या शेंगेएवढी एक पांढरी रेघ. आप्पासाहेबांनी ती चौकटीत घालून बैठकीत लावली आणि पाहुण्यांना सांगतात, "हा शनी, पळताना."

तर तो शुक्रवार संपून उजाडला शनिवार. देवळासमोरच्या पाराला लागून दुर्बीण उभी, तोंड जवळजवळ सरळ वर, गहिनीनाथ ती हलकेच सरकवत शनी धरून ठेवतोय, आणि सगळा गाव रांगेत! लोक म्हणाले, "गुरुजी, आदी तुमी." आणि मी, हा मी मूर्ख, काय म्हणालो? "पंगतीत वाढणाऱ्यानं शेवटी बसायचं असतं." अहाहा! काय माझा मोठेपणा! म्हातारे झाले, बाया झाल्या, काखेतली पोरं झाली. "आरारा! टोपी घातल्यावानी दिसतंय!" "न्हाई गं, पाटल्यावानी!" "सुटं हाय, मदी फट हाय!" फट आहे! म्हणजे सुटं आहे! छत्तीस वर्षं मी चिकटवून काढलं! माझा जीव नुसता वरखाली. मला फक्त ते कडं बघायचं होतं हो!

माझी पाळी आली. काठी पाराला टेकवली, धोतर सावरलं, हात जोडले, बाजूनं, रीतसर, आणि डावा डोळा लावला.

पिवळं. सगळं पिवळं, गढूळ, हळदीच्या पाण्यात दिवा बुडवावा तसं. गोळा नाही, कडं नाही. म्हटलं, झालं, पिकला वाटतं आंबा! तेवढ्यात गहिनीनाथ नळीच्या उघड्या तोंडातून आत डोकावला आणि ओरडला, "गुरुजी, तेल! आरशावर तेल हाय!"

सगळे वळले. पारावर छबूबाई उभी, हातात तेलाची पळी, शनिवारचं मारुतीला वाहून उरलेलं तेल. म्हातारी म्हणाली, "समदी म्हनली शनिदेव आत आल्यात. मग तेल नगं का वाहायला? तुमची पाळी आली म्हून वतलं गुरुजी. म्हनलं, महाराज, सुतार येक डोळा मिटून बगतो तशी गुरुजींच्या डोळ्यावर धरलेली नजर जरा बाजूला करा." आणि मग हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून, "दिसलं का हो गुरुजी कडं?"

सांगा मंडळी, काय सांगणार होतो मी? माझ्या डोळ्यासाठी माझ्या डोळ्यातच तेल घातलं तिनं! रागवायचं कोणावर? भक्तीवर? आयुष्यभर ओट्यावर बसून मीच तर शिकवली!

म्हटलं, "दिसलं, छबूबाई. स्वच्छ दिसलं."

म्हटलं, एक रात्र जाऊ दे, गहिनीनाथ पुण्याला पत्र लिहील, ते गृहस्थ काही उपाय सांगतील. पण दुर्बीण रात्री वाड्यावर नेऊन ठेवलेली, आणि रविवारी सकाळी आप्पासाहेबांच्या घरातल्या मालनबाई हसत दारात, "गुरुजी, काळजी करू नगा, कसला चिकाट झालता आरसा! मीच बसले आन राखंनं, काथ्यानं घासून लख्ख केला!" लख्ख! इतका लख्ख की मुलामा सगळा राखेत, आणि काचेतून पलीकडचा उकिरडा दिसतोय!

आणि डोळा पिकला. डॉक्टरांनी चैत्रातली तारीख दिलीय. शब्द अजून दिलेला नाही.

आता रोज संध्याकाळी लोक ओट्यावर येतात, "गुरुजी, शनीचं सांगा." आणि मी सांगतो, कडं कसं अधांतरी, कसं रेशमाच्या काठासारखं, मधल्या फटीतून कसं आभाळ डोकावतं... इतकं सांगतो, की ज्यांनी त्या शनिवारी खरंच पाहिलं तेसुद्धा म्हणतात, "एवढं आमाला कुठं दिसलं, गुरुजी!" दिसणार कसं? कधी न पाहिलेल्याचं वर्णन करणं हे माझं चाळीस वर्षांचं काम, मंडळी. देवाचं करत होतो, त्यात शनीची भर पडली, एवढंच.

असो. सज्जनहो, मायबहिणींनो, तुम्हा सगळ्यांचं कल्याण असो. तुमच्या घरादारात, गोठ्यातल्या मुक्या जिवांत, पाळण्यातल्या लेकरांत सुख नांदो. तुमच्या उंबऱ्यावरचा दिवा आणि डोळ्यांतली ज्योत अखंड तेवत राहो. आणि तुम्हाला जे बघायची आस असेल, ते तुमच्या तुम्हाला, तुमच्याच डोळ्यांनी दिसो.